संक्रांतीला काळी चंद्रकळा, लग्नाला आजीची पैठणी. पण ‘व्हिंटेज लूक’साठी कात्री लावण्याआधी हे वाचा

कपाटातली जुनी पैठणी बाहेर काढायची, तिचं जॅकेट, लेहंगा किंवा ब्लाउज शिवायचं आणि ‘आजीची साडी, माझा लूक’ म्हणत रील टाकायची. संक्रांतीपासून लग्नसराई संपेपर्यंत हा ट्रेंड इन्स्टाग्रामवर जोरात असतो. नाशिककरांसाठी तर हा अगदी घरचा विषय आहे, कारण पैठणी विणणारं येवला इथून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. पण ‘व्हिंटेज’च्या नादात एकीकडे खरी जुनी पैठणी कापली जाते आणि दुसरीकडे यंत्रमागावरची नक्कल ‘पारंपरिक पैठणी’ म्हणून विकली जाते. दोन्हीकडे नुकसान ग्राहकाचं आणि विणकराचंच. म्हणून यंदाच्या रंगांपासून सुरुवात करू आणि मग साडी उलटी करून बघू.

जग पांढरं, आपण काळे

अमेरिकेतली पँटोन ही कंपनी दरवर्षी ‘कलर ऑफ द इयर’ जाहीर करते. 2024 साठी पीच फझ, 2025 साठी मोका मूस आणि 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ म्हणजे ढगासारखा पांढरा. ब्रँड त्यानुसार कपड्यांपासून नेलपेंटपर्यंत सगळं बाजारात आणतात. आपल्याकडे मात्र जानेवारीचा रंग कधीच ठरलेला आहे. एरवी शुभकार्याला टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला मानानं नेसला जातो.

काळा रंग उष्णता शोषतो म्हणून थंडीत काळं नेसायचं, हे कारण सगळ्यांना पाठ आहे. ते बरोबरही आहे, पण उन्हात. गडद रंगाचं कापड अंगावर पडणारा बहुतेक प्रकाश शोषून त्याची उष्णता करतं. गच्चीवर पतंग उडवताना याचा फायदा मिळतो. संध्याकाळी हॉलमधल्या हळदी-कुंकवाला मात्र ऊब रंगाची नसते, रेशमाची असते. निफाडचा पारा काही वर्षी 5 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा एवढा फरक माहीत असलेला बरा.

काळ्या साडीचं आणखी एक कारण डोळ्यांना दिसणारं आहे. नव्या नवरीला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घातले जाणारे हलव्याचे दागिने पांढरेशुभ्र असतात. काळ्या कापडावर ते जसे उठून दिसतात, तसे दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाहीत. कुणा डिझायनरनं ठरवल्याशिवाय तयार झालेलं इतकं चोख कॉन्ट्रास्ट कॉम्बिनेशन शोधून सापडणार नाही.

पैठणीत या काळ्या रंगाला स्वतःचं नाव आहे. लाल काठाची काळी साडी म्हणजे काळी चंद्रकळा. रंगांची अशी नावं पैठणीत बरीच आहेत. पोपटी म्हणजे राघू, पिवळा म्हणजे पोफळी, फिकट गुलाबी म्हणजे मोतिया आणि शुभ्र पांढरा म्हणजे शिरोदक. म्हणजे ‘क्लाउड डान्सर’ हवाच असेल तर येवल्यात जाऊन शिरोदक मागायची. दुकानदारालाही बरं वाटेल.

फोटोत जांभळी, घरी आली तर निळी. असं का होतं?

ऑनलाइन साडी मागवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दर वेळी यात विक्रेत्याची लबाडी असतेच असं नाही. पैठणीचा रंग कापडावर छापलेला नसतो, तो दोन धाग्यांच्या भेटीतून तयार होतो. मागावर उभा लावलेला धागा म्हणजे ताणा आणि त्यातून आडवा जाणारा तो बाणा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड ज्या कोनातून पाहाल त्याप्रमाणे कधी एक रंग पुढे येतो, कधी दुसरा. यालाच धूपछाव म्हणतात. लाल आणि निळ्या धाग्यांतून जांभळ्याची झाक येते ती अशी.

मोबाइलचा कॅमेरा या दोन रंगांचा एका क्षणाचा, एका कोनातला, त्याला योग्य वाटला तो मेळ पकडतो. त्यात दुकानातल्या पिवळ्या दिव्यांची भर. त्यामुळे फोटोवर साडी पसंत करू नका. दिवसाच्या उजेडात साडी हलवून दाखवलेला व्हिडिओ मागवा. धूपछाव दिसली म्हणजे साडी हातमागाचीच, असं मात्र समजू नका. ते यंत्रमागावरही होतं.

मग खरी ओळखायची कशी?

साडी उलटी करा.

हातमागाच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर, कमळ, आसावली किंवा मुनिया वेगळ्या धाग्यानं वरून भरलेला नसतो. जिथे नक्षीचा रंग बदलतो, तिथे विणकर तेवढ्यापुरती वेगळ्या रंगाची छोटी तिल्ली वापरतो आणि शेजारच्या रंगाचा धागा त्यात अडकवून परत फिरवतो. एकाच ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या असतात. म्हणून नक्षी पुढून आणि मागून जवळपास सारखी दिसते आणि मागे लांब सुटे धागे लोंबत नाहीत. कमी नक्षीची साडी काही आठवड्यांत उतरते, तर भरगच्च पदराला अनेक महिने जातात, ते यामुळेच. हातानं विणलेल्या दोन मोरांत किंचित फरकही असतो. सगळे मोर कॉपी-पेस्ट केल्यासारखे एकसारखे असतील तर थोडं थांबून चौकशी करा.

मागच्या बाजूला तरंगणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती जकार्डची नक्षी आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हातमागावरही जकार्ड लावून ब्रोकेड काठाची पैठणी विणली जाते आणि ती काही खोटी नसते. पण तिला लागणारा वेळ वेगळा, म्हणून किंमतही वेगळी. तिल्लीच्या कामाची किंमत सांगून जकार्डचं काम हातात देणं ही फसवणूक. आणि दोन-अडीच हजारांत मिळणारी ‘हातमागाची प्युअर पैठणी’ कशी परवडते, हा हिशेब तुमचा तुम्हीच करा. रेशीम कर्नाटकातून, जरी सुरतेहून आणि वर महिनाभराची मजुरी.

लेबलांचाही गोंधळ होतो. 2004 पासून असलेला ‘सिल्क मार्क’ साडी शुद्ध रेशमाची आहे एवढंच सांगतो. ती हातावर विणली की यंत्रावर, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी 2006 मध्ये सुरू झालेला ‘हँडलूम मार्क’ पाहायचा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. पैठण आणि येवल्याच्या परंपरेतल्या हातमागाच्या कापडासाठी हे नाव राखलं जावं, हा त्याचा उद्देश. बाजारात मात्र ‘पैठणी’ हा शब्द मोबाइलच्या कव्हरवरही दिसतो.

येवल्यात हे काम आलं कुठून?

नावाप्रमाणे पैठणी गोदाकाठच्या पैठणची. सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी विणकरांना येवल्यात आणून वसवलं, असा इतिहास सांगितला जातो. पुढे पेशवाईत मोठा आश्रय मिळाला आणि आसावलीसारखी वेलबुट्टी रुजली. संस्थानं गेली तशी गिऱ्हाइकं आटली. नंतर घराघरांतल्या टीव्हीनं तिला परत आणलं. ‘होम मिनिस्टर’ 2004 मध्ये सुरू झाला आणि रोज संध्याकाळी कुणीतरी वहिनी पैठणी जिंकू लागली. शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता तर आजीच्या पैठणीवरच आहे. त्यामुळे ‘व्हिंटेज’ हा शब्द नवा असला तरी भावना काही रीलनं शोधलेली नाही.

संक्रांतीत येवल्याला गेलात तर एक सूचना. तिथला पतंगोत्सव तीन दिवस चालतो आणि त्या दिवसांत हलकडीच्या गजरात सगळं गाव गच्चीवर असतं. खरेदीसाठी पुढचा आठवडा गाठा.

कात्री कुठे लावायची, कुठे नाही

आता मूळ मुद्दा. जुन्या पैठणीतली जरी बहुधा चांदीची आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली असायची. आज सर्रास वापरली जाणारी जरी तांब्याची किंवा चक्क प्लॅस्टिकची असते. ‘जुन्या जरीच्या साड्या घेतो’ अशी हाळी देत फिरणारे लोक आठवत असतील. त्या साड्या जाळून चांदी काढली जायची आणि पिढ्यान् पिढ्यांचे पदर असे राख झाले. म्हणून मोडीत देण्याआधी किंवा शिवायला टाकण्याआधी जरीचा एखादा सुटा धागा सराफाला दाखवा.

साडीचं अंग विरलं असेल आणि काठ-पदर धड असतील, तर ते उतरवून नव्या रेशमावर लावता येतात. ही रीत जुनीच आहे आणि साडी साडीच राहते. साडी घडीवर चिरली असेल तर रफू किंवा मागून नेट लावण्याचा पर्याय आहे. अंगाच्या कापडातून जॅकेट, पोटली किंवा नातीचं परकर-पोलकं बेतता येईल. पण तिल्लीचा पदर मधोमध कापून त्याचं ब्लाउज शिवू नका, हे मी ठामपणे सांगेन. मोर पाठीवर उलटा येतो तो येतोच, आणि कापलेल्या कडेची वीण उसवायला लागते.

फक्त लूकच हवा असेल तर साडीला हात न लावता बरंच काही होतं. काळ्या चंद्रकळेवर काठाच्या लाल रंगाची लिपस्टिक, डोळ्यांत काजळ, चंद्रकोर आणि अंबाड्यावर अबोलीची वेणी. डोळ्यांवर ग्लिटर नको, जरी पुरेशी चमकते. नाक टोचलेलं नसेल तर प्रेसची नथ आहेच. परफ्यूम मात्र साडी नेसण्याआधी मारा, कारण थेट पडलेल्या स्प्रेनं जरी काळी पडते.

कार्यक्रम झाल्यावर साडी लगेच कपाटात कोंबू नका. सावलीत वारा लागू द्या, घरी न धुता ड्रायक्लीनला द्या. मग प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती किंवा मलमलच्या कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका आणि हँगरवर वर्षभर टांगू नका. दर तीन-चार महिन्यांनी साडी उलगडून घडी दुसऱ्या ठिकाणी मोडा. रेशीम विरतं ते बहुतेक वेळा त्याच त्या घडीवर.