मुक्या जीवाच्या पायातील कुरूप

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ हा एक अतिचार सांगितला आहे. प्राण्यावर त्याच्या शक्तीपेक्षा अधिक भार लादणे, हा त्याचा अर्थ. भार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडी येते. परंतु पाठीवर काहीही नसताना स्वतःच्याच देहाचा भार असह्य व्हावा, असे दुःख ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या वाट्याला येते.

ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे गोलाकार धावपट्टीवर धावण्याच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे सुरू झाल्या. या शर्यतींतून चार-पाच वर्षांच्या वयातच निवृत्त झालेले ग्रेहाउंड तेथील अनेक कुटुंबे दत्तक घेतात. लंडन-लेस्टर येथे स्थिरावलेल्या आपल्या समाजबांधवांनाही ते बागेत फिरताना दिसत असतील. त्यांतील एखादा गवतावर बरा चालतो आणि फरसबंदीवर येताच लंगडू लागतो. पुष्कळदा याचे कारण तळव्यातील कुरूप हे असते.

कुरूप म्हणजे बोटाच्या गादीत रुतलेला कठीण कातडीचा, खड्यासारखा गोल ठिपका. पुढच्या पायांच्या मधल्या दोन बोटांवर शरीराचा भार अधिक येतो, म्हणून ते बहुधा तेथेच होते. या जातीच्या गादीत चरबीचा थरही पातळ असतो. गादी पाण्याने ओली केली की ठिपका स्पष्ट दिसतो.

पशुवैद्य हे कुरूप हलक्या हाताने कोरून काढतात. कुत्र्याला लगेच आराम पडतो. पण काही आठवड्यांत ते पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेने कापून काढले तरी पुष्कळदा परत येते. पूर्वी नाइलाजाने बोटच काढून टाकीत. मग भार शेजारच्या बोटावर जाई आणि तेथे नवे कुरूप होई. अलीकडे ब्रिटनमधील पशुवैद्यांनी वेगळा मार्ग धरला आहे. बोट आत वाकवणाऱ्या दोरीसारख्या कंडरेचा छेद घेतला की बोट किंचित सपाट होते, गादीच्या टोकावरील दाब घटतो आणि अनेक कुत्र्यांचे लंगडणे थांबते.

घरच्या माणसांनी मऊ तळाचे बूट घालावेत, शक्यतो गवतावरून फिरवावे. माणसांसाठी मिळणाऱ्या कुरूपाच्या औषधी पट्ट्या मात्र लावू नयेत. त्यांतील आम्ल निरोगी कातडी भाजते आणि पाय चाटताना पोटातही जाते. घरातील वेदनाशामक गोळीही पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

कापले तरी कुरूप परतले. भार हलका केला, तेव्हा दुःख हटले. जीवदयेसाठी आपण देणगी देतो, पांजरपोळात चारा पाठवतो. त्याबरोबरच आपल्या दारातला बैल असो, बाजारातले घोडे असो वा परदेशातील कुत्रा, त्याचा पाय एकदा उचलून पाहावा. मुका जीव तक्रार करीत नाही. त्याची चालच त्याची तक्रार असते.