पडली तरी डाव संपत नाही

टीव्हीला जोडून खेळायचा मारिओ आपल्यातल्या काहीजणींना आठवत असेल. तो १९८५ चा, जपानचा. तीन जीव गेले की पुन्हा पहिल्यापासून. आता इतके खऱ्यासारखे दिसणारे खेळ असताना पोरं तसल्याच चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात का रमतात, असं आम्हालाही वाटायचं.

‘सेलेस्ट’ हा २०१८ चा खेळ घ्या. कॅनडातल्या दोघांनी आधी चार दिवसांत त्याचा छोटा नमुना केला होता. मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी, झेप, पकड, एवढंच शिकायचं. दरीत पडली, की त्याच टप्प्यावर लगेच पुन्हा उभी. आणि गंमत म्हणजे, कड्यावरून पाय सुटल्यावर किंचित उशिरा बटण दाबलं तरी खेळ उडी मानून घेतो. आपल्याला वाटतं, वेळेवरच मारली! दिसायला जुना, पण आतून सांभाळून घेणारा.

वाटेत मॅडेलिन घाबरते, तिचा श्वास कोंडतो. सोबती म्हणतो, डोळ्यांपुढे पीस आण, श्वासाने तरंगत ठेव. हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला.

तरीही चढण जमत नसेल, तर खेळाचा वेग कमी करायची सोय आहे. तिला लबाडी म्हणत नाहीत.