मोठ्या जनावरांच्या शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर प्रशिक्षण : स्वरूप, महत्त्व आणि मर्यादा

प्रस्तावना :

भारत हा पशुधनाच्या दृष्टीने जगातील अग्रगण्य देश आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंशीय जनावरे व सुमारे १०.९८ कोटी म्हशी होत्या. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांसाठी दुभती गाय किंवा म्हैस हे रोजच्या उत्पन्नाचे साधन असते. असे जनावर शस्त्रक्रियेवाचून दगावले तर त्या कुटुंबाची अर्थव्यवस्थाच कोलमडते. त्यामुळे मोठ्या जनावरांवर शस्त्रक्रिया करू शकणारा तज्ज्ञ कसा घडतो, हा प्रश्न पशुवैद्यकशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही. तो ग्रामीण अर्थकारणाचा व उच्च शिक्षणाचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणाचे स्वरूप, त्यातील कौशल्ये व त्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी :

आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा प्रारंभ १७६१ मध्ये फ्रान्समधील लिऑं येथे स्थापन झालेल्या विद्यालयापासून मानला जातो. महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात १८८६ मध्ये परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाने झाली. हे महाविद्यालय बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले, ही बाब लक्षणीय आहे. रुग्णालय आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम या विद्याशाखेच्या प्रकृतीशी सुसंगतच म्हणावा लागेल. पुढे २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ व अकोला येथील पशुवैद्यक शिक्षणसंस्था या विद्यापीठाच्या अंतर्गत येतात.

भारतीय पशुचिकित्सा परिषदेच्या २०१६ च्या नियमावलीनुसार पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाच्या आंतरवासितेचा समावेश आहे. त्यानंतर विद्यार्थी ‘पशुशल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र’ या विषयात दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. पदवी घेऊ शकतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही पदवी मोठ्या जनावरांसाठी स्वतंत्र नाही. गाय, म्हैस, घोडा, शेळी, श्वान व मांजर हे सर्व रुग्ण याच एका विषयात येतात.

मोठ्या जनावराचे वेगळेपण :

चारशे-पाचशे किलो वजनाच्या जनावरावरील शस्त्रक्रिया ही लहान जनावरावरील शस्त्रक्रियेची मोठी आवृत्ती नव्हे. गाईला पूर्ण भूल देऊन आडवे केले तर दोन धोके उद्भवतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे कोठीपोट शंभर लिटर वा त्याहून अधिक क्षमतेचे असते. जनावर आडवे होताच त्यातील वायू बाहेर पडण्याची वाट अडते, पोट फुगते व फुप्फुसांवर दाब येतो. शिवाय पोटातील द्रव तोंडात येऊन श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. दुसरा धोका वजनाचा आहे. दीर्घकाळ एका कुशीवर पडून राहिल्याने दाबाखालील स्नायू व मज्जातंतू यांना इजा होते आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जनावर उठू शकत नाही.

म्हणूनच गाई-म्हशींच्या पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया जनावर खोड्यात उभे ठेवून, केवळ भागापुरती भूल देऊन केल्या जातात. शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या मणक्यांजवळून निघणाऱ्या मज्जातंतूंभोवती भुलीचे औषध टोचले की संपूर्ण भकाळी बधिर होते. सुई नेमकी कोठे व किती खोल न्यावयाची हे चित्रावरून कळते. पण बोटांना ते अनेक जनावरांवर सराव केल्यानंतरच उमगते. औषधांच्या मात्रेतही असाच फरक आहे. झायलाझिन हे गुंगीचे औषध गाईला घोड्याच्या सुमारे एक दशांश मात्रेत पुरते. एका प्रजातीचा हिशेब दुसरीला लावल्यास प्राणावर बेतू शकते.

जनावर आवरण्याची कला हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. रूफ पद्धतीत एकाच लांब दोराचे वेढे मान, छाती व पोटाभोवती घेऊन मागे ओढले असता मोठा बैलही सावकाश खाली बसतो. येथे शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ ठरते. त्यामुळे ही शाखा केवळ धिप्पाड पुरुषांची, हा समज निराधार आहे.

कोठीपोटाची शस्त्रक्रिया : एक उदाहरण

प्रशिक्षणाचे मर्म समजण्यासाठी एक शस्त्रक्रिया सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल. गाय-म्हैस चारा घाईने गिळते व नंतर रवंथ करते. ओठांनी ती वस्तू पारखून घेत नाही. त्यामुळे तार, खिळे, सुया चाऱ्याबरोबर पोटात जातात व जाळीपोटात साठतात. जाळीपोटाच्या आकुंचनाबरोबर तार पुढे टोचू लागते. पुढे श्वासपटल असते व त्यापलीकडे अगदी जवळ हृदय. तार हृदयावरणापर्यंत पोहोचली तर जनावर वाचण्याची आशा फारच थोडी उरते. शहरांलगतच्या मोकाट जनावरांत याच पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचे गोळे सापडतात.

शस्त्रक्रियेत डाव्या भकाळीवर छेद घेऊन कोठीपोट बाहेर ओढले जाते आणि त्याची कड त्वचेशी घट्ट बसवली जाते. ही पायरी निर्णायक आहे. कोठीपोट उघडल्यावर आतील चाऱ्याचा अंशही उदरपोकळीत सांडला तर जंतुसंसर्ग होतो. नंतर आतील चारा काढून शल्यचिकित्सक आपला हात खोलवर पुढे जाळीपोटात नेतो. तेथे डोळ्यांचा उपयोग नसतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी बोटांना लागते, तिच्या घरांत अडकलेली तार चाचपून काढावी लागते, आणि भिंतीपलीकडे हृदयाचे ठोके हाताला जाणवतात. जाळीपोट श्वासपटलाला चिकटले आहे काय, म्हशीत ते श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत शिरले आहे काय, याचाही निर्णय त्याच हाताने घ्यावयाचा असतो. तसे असल्यास पुढील शस्त्रक्रियेत छाती उघडी पडते व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तयारी लागते.

हे स्पर्शज्ञान व्याख्यानाने देता येत नाही. शिक्षकाने आधी हात घालून काय जाणवले ते सांगावे, मग विद्यार्थ्याने हात घालून तेच शोधावे, असाच त्याचा मार्ग आहे.

याउलट, गुडघ्याची वाटी वर अडकून मागचा पाय ताठ होण्याच्या विकारावरील शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते. लहानशा छेदातून आतील बाजूचा अस्थिबंध कापला की पाय फरपटत आलेला बैल बहुधा त्याच वेळी सरळ चालू लागतो. परंतु शेजारचाच मधला अस्थिबंध चुकून कापला गेल्यास बैल कायमचा निकामी होऊ शकतो. शस्त्रक्रिया जितकी लहान, तितकी ती सोपी असते असे नाही.

निर्णयक्षमता व सामाजिक जबाबदारी :

पदव्युत्तर विद्यार्थ्याने शस्त्रक्रिया कधी करू नये हेही शिकणे आवश्यक आहे. जनावराचे वय, दुधाचे प्रमाण, गाभण स्थिती, खर्च व बरे होण्याची शक्यता यांचा विचार करून पशुपालकाला स्पष्ट सल्ला द्यावा लागतो. कमी खर्चाचा पर्याय शोधणे हेही शल्यकौशल्यच होय. नर वासरांत मूत्रमार्गात खडा अडकल्यास पोटाच्या भिंतीतून मूत्राशयात नळी बसवून मूत्राला तात्पुरती वाट करून दिली जाते आणि खडा विरघळण्यास मदत करणारे औषध तोंडावाटे दिले जाते. मूत्रमार्गच कापण्यापेक्षा हा उपाय सोपा व ग्रामीण दवाखान्यात शक्य असणारा आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांचा परिणामही जनावरापुरता राहत नाही. वेदनाशामक डायक्लोफिनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्याचे सिद्ध झाल्यावर भारतात २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय आहे. प्रतिजैविके दिल्यावर ठरावीक काळ दूध विकू नये, हा सल्लाही शल्यचिकित्सकानेच द्यावयाचा असतो.

प्रशिक्षणापुढील मर्यादा :

पहिली मर्यादा रुग्णसंख्येची आहे. ट्रॅक्टरच्या प्रसाराबरोबर बैलांची संख्या घटली आणि शिंगाचा कर्करोग, खांदेसूज, पायांचे विकार असे बैलांत आढळणारे रुग्णही त्या प्रमाणात कमी झाले. शहरातील चिकित्सालयांत श्वान-मांजरांची संख्या स्वाभाविकच अधिक असते. आजारी म्हैस वाहनात घालून दूरच्या महाविद्यालयात आणणे पशुपालकास परवडतेच असे नाही.

दुसरी मर्यादा पदवीच्या रचनेत आहे. एम.व्ही.एस्सी. ही संशोधनप्रधान पदवी असून दोन वर्षांपैकी मोठा काळ प्रबंधाकडे जातो. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या पशुशल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी निवासी प्रशिक्षण किमान तीन वर्षांचे असते, केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद ठेवावी लागते, आणि मोठी व लहान जनावरे यांसाठी वेगवेगळे मार्ग आहेत. ती व्यवस्था जशीच्या तशी आणणे येथे शक्य नाही व आवश्यकही नाही. तेथील मोठ्या जनावरांच्या शल्यचिकित्सेत घोड्याला मोठे स्थान आहे, तर आपल्याकडे गाय व म्हैस केंद्रस्थानी आहेत. परंतु शस्त्रक्रियांच्या नोंदवहीचे तत्त्व निश्चित स्वीकारण्याजोगे आहे.

तिसरी बाब नैतिक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर नियंत्रण आहे. त्यामुळे केवळ सरावासाठी निरोगी जनावरावर छेद घेणे समर्थनीय ठरत नाही. कत्तलखान्यातील अवयवांवर टाके घालण्याचा सराव व प्रतिकृतींचा वापर हे त्यावरील योग्य उपाय होत.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की मोठ्या जनावरांच्या शल्यचिकित्सेचे शिक्षण हे मूलतः अनुभवी हाताकडून शिकाऊ हाताकडे जाणारे शिक्षण आहे. ग्रंथ, क्ष-किरण व ध्वनिलहरी चित्रण यांनी निदान सुकर केले असले तरी जाळीपोटातील तार अखेर बोटांनाच शोधावी लागते. त्यादृष्टीने तीन गोष्टी उपयुक्त ठरतील : प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेल्या, साहाय्य केलेल्या व स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची स्वतंत्र नोंद ठेवणे, प्रबंधाचे विषय शक्यतो प्रत्यक्ष रुग्णांवर आधारित ठेवणे, आणि विद्यार्थ्यांना शिक्षकांसह ठरावीक काळ तालुका पातळीवरील दवाखान्यांत पाठवणे. रुग्ण महाविद्यालयापर्यंत येऊ शकत नसेल तर प्रशिक्षणाने रुग्णापर्यंत जाणे क्रमप्राप्त आहे. तसे न झाल्यास पदवीधारक तज्ज्ञांची संख्या वाढेल; परंतु गोठ्यात अडलेल्या म्हशीजवळ रात्री उभ्या असलेल्या पशुपालकाला त्याचा लाभ होणार नाही.