‘ब्रेक लागत नाहीत’ : ड्रम आणि डिस्क यांतील निवडीचा विचार

१

माझा एक मावसभाऊ जुन्नर तालुक्यातील टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात नेतो. त्याचा लहान ट्रक पिक-अप जातीचा असून त्याच्या पुढील चाकांना डिस्क-ब्रेक व मागील चाकांना ड्रम-ब्रेक आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने मला विचारले, “दादा, मागचे ड्रम काढून डिस्क बसवून घेऊ का? घाटात ब्रेक लागत नाहीत.” भाषाशास्त्राच्या अध्यापकाला हा प्रश्न विचारण्यात आप्तभावाचा भाग मोठा होता, हे उघड आहे. तथापि त्याच्या बोलण्यातील शेवटचे वाक्य मात्र आमच्या शास्त्राच्या कक्षेत येणारे होते. ते अनेकार्थी आहे. आणि निर्णय योग्य की अयोग्य, हे त्यातील कोणता अर्थ अभिप्रेत आहे यावर अवलंबून आहे. प्रस्तुत टिपणात त्या वाक्याची फोड करून या निवडीचा विचार करावयाचा आहे. हवेच्या दाबावर चालणारे अवजड ट्रकांचे ब्रेक येथे विचारात घेतलेले नाहीत.

२

प्रथम दोन्ही रचनांतील भेद पाहू. ड्रम-ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतील अंगावर दोन अर्धवर्तुळाकार शू दाबले जातात. त्यांपैकी एक शू असा बसविलेला असतो की फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि त्यामुळे तो आपोआपच अधिक घट्ट दाबला जातो. या गुणाला आपण स्वयंवर्धन म्हणू. त्यामुळे थोड्या जोरात मोठे कार्य होते. डिस्क-ब्रेकमध्ये उघड्या चकतीला कॅलिपरमधील दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. येथे स्वयंवर्धन नाही. म्हणून द्रवाचा दाब अधिक लागतो व बूस्टरची गरज वाढते.

परंतु स्वयंवर्धनाची दुसरी बाजूही आहे. लायनरच्या घर्षणात थोडा फरक पडला तरी ड्रम-ब्रेकच्या एकूण परिणामात तो पुष्कळ मोठा होऊन दिसतो. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पेडल अधिक खाली जाते. चकती तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडकडेच सरकते. उघडी असल्याने ती लवकर निवते आणि तिच्यावरील पाणीही चटकन फेकले जाते. लँचेस्टर यांनी डिस्क-ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले. तरी त्याचा खरा प्रभाव दिसला तो १९५३ मध्ये, ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क-ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी झाली तेव्हा. पुन्हापुन्हा आणि तीव्र ब्रेक लावण्याची ही कसोटी होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

३

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘ब्रेक लागत नाहीत’ या वाक्याचे निदान चार अर्थ संभवतात.

पहिला : पेडल फार खाली जाते. शू व ड्रम यांतील अंतर वाढले असेल, द्रवात हवा शिरली असेल किंवा कोठे गळती असेल. हा देखभालीचा प्रश्न आहे.

दुसरा : पेडल कठीण लागते, पण गाडी थांबत नाही. बूस्टर निकामी झाला असेल, लायनर गुळगुळीत झाले असतील किंवा आसाच्या सीलमधून गळलेले तेल त्यांवर आले असेल. डिस्क बसवून बूस्टर सुधारत नाही. उलट त्याच्यावरील भार वाढतो.

तिसरा : घाटाच्या माथ्यावर ब्रेक चांगले असतात, पायथ्याशी येईतो मंदावतात आणि गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा पूर्ववत होतात. हे उष्णतेचे लक्षण होय.

चौथा : पाण्यातून गेल्यावर काही काळ ब्रेक धरत नाहीत. ओल्या ड्रमचे हे लक्षण होय.

यांपैकी केवळ तिसरा व चौथा हे अर्थ डिस्कच्या दिशेने बोट दाखवितात. तिसऱ्याचे गांभीर्य आकड्यांनी स्पष्ट होईल. मालासह २९०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ४ लाख जूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १४२ लाख जूल भरते. म्हणजे तशा पस्तीस थांबण्यांइतकी. यातील मोठा वाटा खालच्या गिअरमधील इंजिन उचलू शकते. वरच्या गिअरमध्ये उतरल्यास तो सारा ब्रेकवर येतो आणि मग ड्रम काय किंवा डिस्क काय, दोन्ही तापतात.

४

येथवर आपण मागील ब्रेकचा स्वतंत्रपणे विचार केला. परंतु तो स्वतंत्र नाही, हाच या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. उदाहरणादाखल, दोन आसांतील अंतर ३ मीटर आणि वेग घटण्याचे मान गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७ पट धरू. रिकाम्या गाडीचे वजन १७०० किलोग्रॅम, त्यातील मागचा वाटा शेकडा ४० व गुरुत्वमध्याची उंची ०.८ मीटर असेल, तर ब्रेक लावताना मागील चाकांवर शेकडा २१, म्हणजे सुमारे ३६० किलोग्रॅम भार उरतो. भरलेल्या गाडीत मागचा वाटा शेकडा ६० आणि गुरुत्वमध्य ०.९ मीटर उंचीवर मानला, तर तो शेकडा ३९, म्हणजे ११३० किलोग्रॅम राहतो. एकाच गाडीच्या मागील ब्रेकची गरज अशी तिपटीहून अधिक बदलते.

हा बदल सांभाळण्यासाठी अशा अनेक गाड्यांत मागील आसाजवळ भारानुसार दाब वाटणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीचा सांगाडा आसाकडे किती खाली आला आहे, हे तो एका दांड्याच्या द्वारे ओळखतो. सांगाडा खाली असेल तर गाडी भरलेली, वर असेल तर रिकामी, असे त्याचे व्याकरण आहे. मूळचे ड्रम, त्यांचे स्वयंवर्धन, मास्टर सिलिंडर व हा व्हॉल्व्ह यांचे प्रमाण एकमेकांशी जुळविलेले असते. त्यातील एकच घटक बदलला तर इतरांचे मूल्यही बदलते. मागील चाकांना प्रमाणापेक्षा जास्त ब्रेक मिळाला तर रिकाम्या गाडीची मागील चाके आधी अडकतात आणि गाडी फिरते. कमी मिळाला तर पुढील ब्रेक जळतात. हँडब्रेकचाही वेगळा विचार करावा लागतो. कारण ड्रममध्ये तो सहज साधतो, डिस्कमध्ये त्यासाठी निराळी योजना लागते. भाषेतील घटकाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे तेच तत्त्व लोखंडात दिसते.

अमेरिकेत पिक-अपच्या मागील चाकांसाठी डिस्कचे तयार संच मिळतात. ज्या संचात कॅलिपर, मास्टर सिलिंडर, दाबाचे वाटप व हँडब्रेक या सर्वांचा मेळ घातलेला आहे, त्याचा विचार करता येईल. आपल्याकडे मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांना मर्यादा घालते. तेव्हा परिवहन कार्यालयाकडे आधी चौकशी करणे आवश्यक ठरते.

५

मावसभावाला मी वरील चार अर्थ सांगितले व त्याचा कोणता, असे विचारले. त्याने तिसरा सांगितला. पुढे विचारता असे कळले की, माल अधिक भरता यावा म्हणून त्याने मागे एक जादा पाटा बसविला होता. त्यामुळे भरलेली गाडीही उंच राहत होती, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजत होता आणि मागील ब्रेकला पुरेसा दाब मिळत नव्हता. घाटातील जवळजवळ सर्व काम पुढील चाकांवर पडत होते. मागे डिस्क बसविल्या असत्या तर त्यांनाही तोच अपुरा दाब मिळाला असता. खर्च झाला असता, विश्वास वाढला असता आणि घाट तसाच राहिला असता.

त्याने पाटा काढला, व्हॉल्व्हचा दांडा योग्य मापावर बसवून घेतला, चारही चाकांचे ब्रेक तपासून घेतले आणि ठरलेल्या वजनाइतकाच माल भरण्यास व घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्यास आरंभ केला. एका खेपेत आता काही क्रेट कमी जातात, ही त्याची तक्रार आहे व ती खरी आहे. ब्रेकविषयी मात्र त्याची तक्रार उरलेली नाही. हे सर्व करूनही घाटात ब्रेक मंदावतच राहिले असते, तर डिस्कचा प्रश्न पुन्हा विचारणे योग्य ठरले असते. परंतु तेव्हा तो प्रश्न मागील चाकांपुरता न राहता संपूर्ण गाडीविषयी विचारावा लागला असता.