दोन डवल्या भात

आमच्या घरची करवंटीची डवली, म्हणजे भात वाढायचा डाव, शिगोशीग भरली की तिच्यात पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास उकडा भात मावतो. पेज नीट निथळली असेल तर थोडा कमी, भात ओलसर राहिला असेल तर ८० पर्यंत. ७५ ग्रॅम भातात कर्बोदकं सुमारे २० ग्रॅम. दुपारी मी दोन डवल्या जेवते, म्हणजे ४० ग्रॅम झाले. बांगड्याची तुकडी शून्य, तिच्या आमटीतलं वाटण दोन-तीन ग्रॅम, बिनसाखरेची सोलकढी तेवढीच. एवढ्या ताटाला मला साडेतीन युनिट इन्सुलिन लागतं आणि ते पहिल्या घासाच्या पंधरा मिनिटं आधी टोचावं लागतं.

मला टाइप १ मधुमेह आहे. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन तयार करतात, त्या माझ्याच प्रतिकारशक्तीने संपवल्या. खाण्याने किंवा आळसाने हा आजार होत नाही आणि गोळ्यांनी तो भागत नाही. दिवसातून एकदा दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाला वेगळं, जलद काम करणारं, असं चार-पाच वेळा टोचून घेणं आलं. दुसरा, टाइप २ म्हणतात तो मधुमेह कोकणातल्या आमच्या शिरोड्यात घरोघरी आहे, त्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. बाजारात कुणी दंडावरचा सेन्सर पाहिला की ठरलेला सल्ला येतो, "भात सोड मगे!"

सल्ल्यामागे माया असते, म्हणून मी उभी राहून उत्तर देते. इन्सुलिन हाती येण्यापूर्वी टाइप १च्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे अधिक दिवस जगवत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं आणि ती उपासमार संपायला सुरुवात झाली. त्यानंतर प्रश्न किती खाल्लं आणि त्याला किती इन्सुलिन, एवढाच उरला. भात मी सोडू शकते, पण त्याच्या जागी नाचणीची भाकरी घेतली तरी पिठाच्या शंभर ग्रॅममागे सत्तरएक ग्रॅम कर्बोदकं आहेतच. तीही मोजावी लागतात.

मोजायची रीत सोपी आहे. दिवसभराचं एकूण इन्सुलिन घ्यायचं आणि पाचशेला त्याने भागायचं. माझं चाळीसच्या आसपास, म्हणून साडेबारा. एक युनिट साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना पुरतं. अठराशेला चाळीसने भागलं की पंचेचाळीस येतात, म्हणजे एक युनिट माझी रक्तशर्करा साधारण पंचेचाळीस मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरवतं. हे झाले सुरुवातीचे आकडे. पुढे डॉक्टरांबरोबर बसून ते आपल्या अंगाला बेतून घ्यायचे असतात. माझ्याबाबतीत सकाळी तेच युनिट दहा ग्रॅमलाच पुरतं, कारण पहाटेची संप्रेरकं इन्सुलिनला विरोध करतात.

अडतं ते ताटाशी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली, त्यांत ५२८ पदार्थांची पृथक्करणं आहेत. फार मोलाचं काम आहे ते. तांदूळ, कुळीथ, नारळ, सगळं त्यात कच्च्या रूपात सापडतं. पण घावणा, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, खापरोळी, वडे हे आमच्या घरी ज्या जाडीचे आणि ज्या आकाराचे होतात, ते कुठल्या कोष्टकात असणार? मोबाइलमधली ॲप तर इडली आणि पोळीपाशीच थांबतात. म्हणून एक काटा आणला, साधा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि सासूबाईंच्या हाताखाली बसून घरचं वजन करायला घेतलं.

आये, म्हणजे सासूबाई, अंदाजाने रांधणाऱ्या, आणि त्यांचा अंदाज काट्याला टिकतो. घावण्याचं पीठ कालवण्याआधी तांदूळ तोलून घेतले, घावणे मोजले, भागाकार केला. एका घावण्याला वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं. दुसऱ्या खेपेला आणि तिसऱ्याही खेपेला तेवढीच आली, कारण त्यांचा हात पीठ ओतताना चुकत नाही. कुळथाच्या पिठीची वाटी दहा-अकरा ग्रॅम. चतुर्थीचा उकडीचा मोदक मात्र मी टप्प्याटप्प्याने तोलला: पारीला पंधरा ग्रॅम पिठी, तिचे बारा, सारणातला बारा ग्रॅम गूळ, त्याचे जवळजवळ अकरा, खोबऱ्याचा एखादा. चोवीस ग्रॅम, दोन युनिट. गूळ साखरेपेक्षा सोसतो अशी इथे ठाम समजूत आहे. माझ्या आलेखावर तसा फरक कधी दिसलेला नाही. मोदक मी खाते, टोचून खाते.

आता सेन्सरविषयी. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयापेक्षा थोडी मोठी चकती असते आणि तिच्यातून केसासारखा बारीक तंतू कातडीखाली पाचएक मिलिमीटर जातो. तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. ही कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली होती; ती दंडावर चिकटवण्याजोगी व्हायला अनेक दशकं लागली. मी वापरते तो सेन्सर चौदा दिवस चालतो. लावल्यावर तासाभराने बोलू लागतो आणि मोबाइल जवळ नेला की आकडा, बाण आणि मागच्या आठ तासांचा आलेख दाखवतो.

मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो बाण. बोटाला टोचून स्ट्रिपवर १२० आले, तर ते चढत्या वाटेवरचे की उतरत्या, हे स्ट्रिपला सांगता येत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी तर ४० आणि ३०० या दोन्ही टोकांना एकाच आकड्यात बुजवून टाकते. सेन्सरमुळे दिवस उघडा पडतो. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा सत्तर टक्के वेळ, म्हणजे साधारण सतरा तास असावं आणि सत्तरच्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आतच, असं २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं. महिन्याचा आलेख मी याच मापाने वाचते.

या आलेखाने मला आमच्या जेवणाबद्दल जे शिकवलं, ते वजनकाट्याला सांगता आलं नसतं. कोंबडी-वड्यांचं उदाहरण घेते. वड्यांची कर्बोदकं बरोबर मोजली, इन्सुलिन बरोबर टोचलं, तरी दोन तासांपर्यंत आलेख आडवा राही आणि मग मध्यरात्रीपर्यंत चढत जाई. तळणीचं तेल आणि वाटपातला नारळ यांमुळे पोट सावकाश रितं होतं, शिवाय चरबी इन्सुलिनचा जोर काही तास कमी करते. इन्सुलिनचा भर ओसरतो तेव्हा वडा रक्तात उतरत असतो. यावर डॉक्टरांनी डोस दोन भागांत घ्यायला सांगितला, अर्धा जेवणाआधी आणि उरलेला दीड तासाने. तेव्हापासून रविवारची रात्र बरी जाते. पेजेचं नेमकं उलटं. तिच्यात शितं थोडी, वाटीला कर्बोदकं वीस ग्रॅमच्या आसपास, पण पातळ असल्यामुळे ती अंगात झरकन उतरते. पेजेला पंधरा मिनिटांची आगाऊ सुई चुकवून चालत नाही. तीच पेज सुक्या बांगड्याबरोबर किंवा कुळथाच्या उसळीबरोबर घेतली की चढ सौम्य होतो, आणि आमच्याकडे ती नुसती कोण खातं!

जेवणानंतर वीस मिनिटं चालणं हे आणखी एक औषध. मी मिठागरांच्या बाजूने जाते. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामुळे बाहेरून येणारे ही आगरं पाहायला थांबतात. मला त्यांचा सपाट, मोकळा बांध चालायला आवडतो. स्नायू काम करू लागले की ग्लुकोज ओढून घेतात, त्याला इन्सुलिनही कमी पुरतं. दोन डवल्या भाताचा शेंडा २००ला टेकायचा तो चालल्यावर १६०-१७० वर थांबलेला मी पुन्हापुन्हा पाहिला आहे.

या सगळ्याची दुसरी बाजू म्हणजे शुगर लो होणं. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. काटेकोर नियंत्रणाने डोळ्यांच्या विकाराची सुरुवात होण्याचा धोका तीन-चतुर्थांशाने घटला, पण गंभीर लो तिपटीने वाढले. मोजून इन्सुलिन घेणाऱ्याला ही भीती कायम असते. वेळागरच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावला, की दोरीला पाऊणएक तास लटकून झाल्यावर हमखास बाण खाली वळतो. सत्तरच्या खाली गेलं की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेला अडवून धरते.

ती पंधरा मिनिटं सर्वांत अवघड. सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, आणि ते रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतं. रक्तातली साखर चढू लागलेली असते तरी मोबाइलवर ६२, ५८, ५५ असे आकडे उतरतच राहतात. हात थरथरत असतात, भूक अनावर असते आणि आकडा म्हणतो अजून खा. त्या घाबरगुंडीत आणखी खाल्लं की तासाभराने अडीचशे. म्हणून लो असताना मी बोटावर टोचून पाहते. सेन्सर वापरणाऱ्यांनी ग्लुकोमीटर कपाटात ठेवून देऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

एका रात्री गजर वाजला, सेन्सर ५४ दाखवत होता. मी साखरेच्या डब्याकडे निघाले तर आये उठून आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला, मग तळव्याला हात लावला. "त्या यंत्राक काय कळता? घाम नाय, हात थंड नाय. बोट टोच आधी." बोटावर ११८ होते. मी त्या दंडावर कुशीत झोपले होते. वजनाने तिथला द्रव दबला की सेन्सर खोटी घसरण दाखवतो, हे माहितीचं आहे. झोपेत आठवत नाही. आयेंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला खरोखर लो होतं तेव्हा कपाळ कसं लागतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

कोकणातल्या हवेचे आणखी काही पेच आहेत. अंगाला खोबरेल लावायची आमची सवय. तेलकट दंडावर सेन्सर टिकत नाही. आदल्या दिवशीपासून त्या दंडाला तेल नाही, लावण्याआधी साबण, मग स्पिरिट, आणि पूर्ण वाळेपर्यंत पंख्याखाली. मे महिन्यात घामाने कडा सुटतात, त्यावर वरून चिकटपट्टी लावते. पावसाळ्यात वीज जाते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वापरातलं पेन तिशीच्या आतल्या तापमानात चार आठवडे चालतं. देशावर फ्रिज नसला तर मातीच्या माठाचा आधार घेतात आणि तो चांगला आधार आहे, पण माठ थंड होतो तो पाण्याची वाफ होऊन. आमच्या जुलैच्या ओल्या हवेत वाफच धड होत नाही, म्हणून इथे माठावर फार विसंबू नये. वीज जास्त वेळ गेली तर फ्रिज उघडायचा नाही, आणि दोन दिवस गेली तर कुपी घेऊन ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याच्याकडे जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं आहे.

तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही निघाले आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठं प्रमाण गोव्याचं, २६.४ टक्के. खाडीच्या दोन्ही काठांवर भात, नारळ आणि मासळी तीच. त्या टक्क्यांतले बहुतेक टाइप २चे. त्यांना माझ्यासारखी प्रत्येक घासाची बेरीज करावी लागत नाही, पण ताटात किती डवल्या पडतात हे त्यांनीही एकदा तोलून पाहावं असं मला मनापासून वाटतं. इन्सुलिन न घेणाऱ्याला दोनाऐवजी दीड डवली भात आणि एक तुकडी जास्त, एवढ्यानेही आकडा हलताना दिसतो. त्यासाठी कायमचा सेन्सर नको; डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादा पंधरवडा लावला तरी स्वतःचं ताट कळतं.

पैशाचा प्रश्न खराच आहे. एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये, आणि महिन्याला दोन लागतात. शिरोड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईने आपल्या मुलाला हा खर्च कसा करावा? टाइप १ची मुलं गरीब घरांतही जन्मतात. त्यांना इन्सुलिन, स्ट्रिपा आणि सेन्सर सरकारने फुकट द्यावेत असं मी मानते, आणि दर ग्रामसभेला ते बोलून दाखवते. तोवर ज्यांना परवडत नाही त्यांनी सणांच्या आणि परीक्षेच्या दिवसांत सेन्सर लावावा, एरवी स्ट्रिपा जेवणाआधी आणि दोन तासांनी वापराव्यात. काटा मात्र काही शे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातली एक आई मुलीला घेऊन आली. मुलीला नुकताच टाइप १ निघालेला, गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून सुटून आलेली. आईने भात बंद केला होता आणि मुलगी दप्तरावर डोकं ठेवून बसलेली. मी माझी वही तिला उतरवून दिली: घावणा, वडा, पिठी, मोदक, मध्यम हापूस वीस ते पंचवीस ग्रॅम. भातापुढची जागा कोरी ठेवली, कारण तिच्या घरची डवली वेगळी. आणि वर लाल शाईने लिहिलं की युनिटांचे आकडे माझे आहेत, तिचे तिच्या डॉक्टरांकडून घ्यावेत. मुलीचं वजन माझ्या निम्मंही नाही. काटा तिने आमचाच नेला. परवा फोन आला. त्यांची डवली स्टीलची आहे, नव्वद ग्रॅमची, आणि मुलगी दीड डवली जेवते. शिरवाळ्यांचं कसं मोजायचं असं ती विचारत होती. पिठाचं वजन आधी, रसातला गूळ वेगळा, आणि रस वाटीने वाढायचा, असं सांगितलं.