ओ दिसणारं रक्त

आई ए गटाची, वडील बी गटाचे आणि मूल मात्र ओ गटाचं. कार्डावर हे वाचून काही घरांत शंकेची पाल चुकचुकते, तीही विनाकारण. रक्तगटाचे दोन जनुक प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ए आणि बी उघड दिसतात, ओ त्यांच्यामागे दडून राहतो. दोघांकडेही असा दडलेला ओ असेल, तर त्यांच्या पोटी ए, बी, एबी, ओ यांपैकी कुठल्याही गटाचं मूल येऊ शकतं आणि चारही शक्यता अगदी सारख्या. माणसांच्या रक्ताचे गट असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवलं. वारशाचं हे कोडं मात्र १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने सोडवलं.

हा फरक किती बारीक आहे ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. तांबड्या पेशीवर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. टोकाला एक शर्करा चिकटली की ए, तिच्याऐवजी दुसरी चिकटली की बी. ती चिकटवणारं विकर ३५४ अमिनो आम्लांचं बनलेलं असतं आणि ए व बी यांच्या विकरांत त्यांतली फक्त चार वेगळी असतात. नेहमीच्या ओ गटात तर जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं. तेवढ्याने पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि विकर कामच करत नाही. एवढ्याशा फरकामुळे चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं.

पण ओ दिसणारं प्रत्येक रक्त ओ असतं का? नसतं, आणि हे जगाला प्रथम मुंबईत कळलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले, ज्यांचं रक्त ए किंवा बी यांपैकी काहीच दाखवत नव्हतं, तरी ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नव्हतं. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि शहराचं नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत पोचलं: बॉम्बे रक्तगट.

त्याचं कारण एक पायरी आधी आहे. ए आणि बी यांच्या शर्करा ज्या खुंटीवर टांगल्या जातात, ती खुंटी म्हणजे ‘एच’. ओ गटाच्या माणसाकडे खुंटी असते, ती फक्त रिकामी असते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते, म्हणून त्याचं शरीर ओ रक्तातल्या एचलाही परकं मानून त्यावर हल्ला करतं. ए-बीचा जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि एचचा एकोणिसाव्या. त्यामुळे बॉम्बे गटाच्या आईकडे बीचा जनुक शाबूत असूनही तो दिसत नाही. ओ गटाच्या पतीपासून तिला बी गटाचं मूल होऊ शकतं. पाठ्यपुस्तकातला नियम इथे मोडल्यासारखा वाटतो, आई मात्र खरीच असते आणि वडीलही. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा.

दडलेल्या वारशाचा हाच न्याय डहाणू-तलासरीत फार जवळचा आहे. चर्चगेटहून निघालेली लोकल जिथे थांबते त्या डहाणू रोडपलीकडे, थेट गुजरातच्या सीमेपर्यंत वारली, कातकरी, धोडिया, दुबळा समाजांचे पाडे पसरले आहेत. पश्चिम भारतातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा जनुक आढळतो. इथेही एका अक्षराचाच बदल: हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि गोल पेशी कोयत्याच्या आकाराची होते. असा एकच जनुक असलेला माणूस वाहक असतो, आजारी नसतो. मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला थोडं संरक्षणही मिळतं. रोगट प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला तो म्हणूनच. दोन्ही जनुक सदोष असतील तर मात्र सांधेदुखी, कावीळ, वारंवार रक्त कमी होणं मुलाच्या वाट्याला येतं.

आणि इथे रक्तगट पुन्हा गाठतो. अशा मुलाला पुन्हापुन्हा रक्त चढवावं लागलं, तर ए-बी-ओ आणि आरएच जुळवूनही पुरत नाही. आज चाळीसहून अधिक रक्तगट-प्रणाली ठाऊक आहेत. केल, डफी, किड यांसारख्या गटांविरुद्धही शरीर प्रतिपिंडं बनवू शकतं आणि मग जुळणारी बाटली मिळणं कठीण होतं. कार्डावरचं ‘बी पॉझिटिव्ह’ हे म्हणजे पूर्ण ओळख नव्हेच. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. तिची सुरुवात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. रक्तगटांचा आणि सिकलसेलचा अभ्यास तिथे एकाच छताखाली होतो, हे मला फार योग्य वाटतं.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये, हे त्याचं उद्दिष्ट. दोन्ही जोडीदार वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती कमी होत नाही. म्हणून डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक घराला विनंती आहे: सोयरीक जुळवताना मुलाची आणि मुलीची, दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्या. आणि कुणी वाहक निघालं, तर त्याला किंवा तिला आजारी म्हणू नका.