पुसलेली फाईल जाते कोठे?

शाळेच्या संगणकावरची एखादी फाईल आपण पुसतो आणि ती गेली असे समजतो. पण ती गेली कोठे? संगणक आपल्या सूचीतून तिचे फक्त नाव खोडतो; मजकूर जागच्या जागीच राहतो. जुन्या फिरत्या तबकडीला त्याचे काही वाटत नसे. त्याच जागी नवे लिहिले, की जुने आपोआप जाई. हल्लीच्या एस.एस.डी.चा स्वभाव मात्र निराळा आहे. तिच्यात लिहायचे ते पानापानाने, पण पुसायचे ते शेकडो पानांचा ठोकळा एकदम!

आपल्या सोलापूरच्या मार्केट यार्डातला कांदा घ्या. समजा, एका वखारीचा नियम असा, की रिकाम्या जागी पोते ठेवता येईल. पण काढायचे तर अख्खा गाळा झाडायचा. दिवाणजीने सडक्या पोत्यांची नोंद वहीतून खोडली, पण हमालाला सांगितलेच नाही, तर काय होईल? गाळा झाडताना तो बिचारा चांगल्या पोत्यांबरोबर सडकीही पाठीवर घेईल आणि दुसऱ्या गाळ्यात नेऊन रचील. श्रम फुकट, जागाही फुकट. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक ठोकळा थोडा झिजतो. लिहिणे मंदावते नि आयुष्य घटते.

दिवाणजीने हमालाला दिलेली चिठ्ठी म्हणजेच ‘ट्रिम’: “ही पोती आता नकोत.” लिनक्सच्या गाभ्यात सन २०१० च्या २.६.३३ या आवृत्तीपासून ही सोय आली. चिठ्ठी फाईल पुसताक्षणी देता येते, किंवा ‘एफएसट्रिम’ या हुकुमाने सगळ्या चिठ्ठ्या एकदम देता येतात. उबुंटूत २०१४ पासून हे काम दर आठवड्याला आपोआप होते. बहुतेकांना तेवढे पुरे.

पण गुरुजी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या तबकडीवरून चुकून पुसलेली फाईल जाणकार माणूस पुष्कळदा परत काढून देई. ट्रिम झाल्यावर ती आशा बहुधा सोडावी लागते. उलट, हमाल गाळा झाडतो तो आपल्या सवडीने. तेव्हा गुप्त मजकूर तत्काळ नष्ट झाला, असेही धरून चालू नये. म्हणून मुलांच्या निकालपत्रकांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि मगच संगणकावर पुसापुशी करावी.